मिशनला ध्येय म्हणावे की उद्दिष्ट? आणि रिव्ह्यूला समीक्षा?

प्रश्न असा आला आहे: एका सार्वजनिक विद्यापीठाच्या पंचवार्षिक आराखड्याचा इंग्रजी मसुदा मराठीत आणायचा आहे. व्हिजन, मिशन, गोल, ऑब्जेक्टिव्ह, टार्गेट, स्ट्रॅटेजिक प्लॅन आणि रिव्ह्यू हे शब्द त्यात पानोपानी आहेत. समितीत कोणी मिशनला ध्येय म्हणते, कोणी उद्दिष्ट, कोणी अभियान. रिव्ह्यूला समीक्षा चालेल का, हाही प्रश्न आहे.

थोडक्यात उत्तर: मिशन म्हणजे ध्येय, व्हिजन म्हणजे भविष्यचित्र, गोल म्हणजे प्रमुख उद्दिष्ट आणि टार्गेट म्हणजे लक्ष्य. प्लॅनला आराखडा म्हणावे, योजना नको. रिव्ह्यूला आढावा म्हणावे, समीक्षा नको. ऑब्जेक्टिव्ह आणि स्ट्रॅटेजिक हे दोन शब्द अडचणीचे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

कोश इथे फारशी मदत करत नाहीत. ध्येय, उद्दिष्ट, लक्ष्य, हेतू हे शब्द कोशात एकमेकांचे अर्थ म्हणूनच दिलेले सापडतात. फरक कळतो तो त्यांच्यापुढे येणाऱ्या क्रियापदांवरून. ध्येय बाळगतात, ध्येयाशी एकनिष्ठ राहतात. उद्दिष्ट ठरवतात आणि गाठतात, गाठता आले नाही तर पुढच्या वर्षावर ढकलतात. लक्ष्य साधतात किंवा चुकते. ‘ध्येय गाठले’ असेही आपण म्हणतो, ते चूक नाही. पण ‘या तिमाहीत ध्येय ७२ टक्के गाठले’ असे कोणी म्हणत नाही. टक्केवारी आली की मराठी माणूस आपोआप उद्दिष्टावर किंवा लक्ष्यावर उतरतो. शब्दांची घडणही हेच सांगते. ध्येय हा ध्यै धातूपासून आलेला शब्द, म्हणजे ज्याचे ध्यान करायचे ते. उद्दिष्टात दिश् धातू आहे, म्हणजे बोट दाखवून नेमके सांगितलेले.

आराखड्याची रचनाही अशीच असते. ध्येय बदलायला मोठे कारण लागते: नवा कायदा, कार्यक्षेत्राचे विभाजन, विद्यापीठाच्या स्वरूपातच बदल. उद्दिष्टे दर आराखड्याला, म्हणजे साधारण पाच वर्षांनी, नव्याने ठरतात. लक्ष्ये दर वर्षी मागेपुढे होतात. म्हणून कुठला शब्द वापरावा असा संभ्रम पडला, तर ‘हे किती वर्षांनी बदलणार आहे, आणि बदलण्याचा अधिकार कोणाला?’ असे विचारावे. विभागप्रमुखाच्या पातळीवर बदलू शकते ते ध्येय नव्हे.

अभियान का नको? सरकारी नावांत मिशनचा अनुवाद अभियान असा रुळला आहे, हे खरे. पण अभियान म्हणजे मोहीम: ती सुरू होते, तिला निधी मिळतो, ती संपते. २०१३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान हे अशा वापराचे चांगले उदाहरण. विद्यापीठ कशासाठी आहे हे सांगणाऱ्या मजकुराला अभियान म्हटले, तर ते कधी संपणार असा प्रश्न वाचकाला पडेल.

ध्येयाची दुसरी गल्लत होते ब्रीदाशी. ‘यः क्रियावान् स पण्डितः’ हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ब्रीद आहे, ‘ज्ञानमेवामृतम्’ हे शिवाजी विद्यापीठाचे. ब्रीद बोधचिन्हावर असते, ते आढाव्याला येत नाही. ‘ध्येयवाक्य’ हा शब्द आता या ब्रीदांसाठीही सर्रास वापरला जातो, म्हणून मिशन स्टेटमेंटला तो टाळलेला बरा. शीर्षक नुसते ‘ध्येय’ असे द्यावे. स्टेटमेंटसाठी ‘विधान’ जोडायचा मोहही आवरावा. व्हिजन स्टेटमेंटसाठी वापरले जाणारे ‘दृष्टिकोन विधान’ हे जोडनाव तर दोन्ही अंगांनी फसलेले आहे, कारण दृष्टिकोन म्हणजे पाहण्याची पद्धत, पाहिलेले चित्र नव्हे.

आता शब्दापेक्षा वाक्याकडे वळू, कारण खरी पडझड तिथे होते. अशा मसुद्यांत हमखास आढळणारे वाक्य पाहा: ‘विद्यापीठाचे मिशन हे सर्वसमावेशक, मूल्याधारित व जागतिक दर्जाचे शिक्षण प्रदान करून समाजाच्या शाश्वत विकासात योगदान देणे हे आहे.’ यात एक ‘हे’ फुकटचे आहे. प्रदान होते ते पदवीचे किंवा पुरस्काराचे. शिक्षण आपण देतो. पण व्याकरण सुधारूनही हे वाक्य उभे राहत नाही, कारण विद्यापीठाचे नाव बदलून ते कुठेही चिकटवता येते. समजा, विद्यापीठ दुष्काळी तालुक्यांच्या पट्ट्यात आहे. मग असे लिहिता येईल: ‘या भागातल्या प्रत्येक तालुक्यातल्या मुलामुलींना घरापासून फार लांब न जाता पदवीपर्यंत शिकता यावे आणि इथल्या शेती-पाण्याच्या प्रश्नांवर इथेच संशोधन व्हावे, यासाठी हे विद्यापीठ आहे.’ हे ध्येय झाले. त्यातून निघणारे उद्दिष्ट: ‘पाच वर्षांच्या अखेरीस विज्ञान शाखेचे महाविद्यालय नसलेला एकही तालुका राहू नये.’ त्याचे लक्ष्य: पहिल्या वर्षी दोन तालुके, दुसऱ्या वर्षी तीन. आणि कृती आराखडा म्हणजे कोणी, कधीपर्यंत, कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या सदरातून). लेखाशीर्षाचा रकाना रिकामा असेल तर वरचे सगळे इच्छेच्या सदरात जमा होते. अर्थसंकल्प तयार करणाऱ्यांना आराखडा छापून झाल्यावर दाखवला, की नेमके हेच घडते.

ऑब्जेक्टिव्हची अडचण अशी. गोल आणि ऑब्जेक्टिव्ह या दोन्हींना उद्दिष्ट म्हटले जाते, मग तक्त्यात शेजारीशेजारी दोन रकान्यांना एकच मथळा येतो. विभाग माहिती भरताना एकच मजकूर दोन्हीकडे उतरवतात, आणि वर्षअखेरीस तुलना करायला काही उरत नाही. त्यातून शिक्षणशास्त्राची मंडळी समितीत असतील तर पाठ टाचणाची, म्हणजे तासाआधी करायच्या पाठाच्या लेखी आखणीची, सवय आड येते: तिथे उद्दिष्टे आणि त्यांची स्पष्टीकरणे अशी जोडी ठरलेली असते. माझ्या मते गोलला ‘प्रमुख उद्दिष्ट’ आणि ऑब्जेक्टिव्हला ‘उद्दिष्ट’ म्हणावे, आणि दोन्हींना १, १.१, १.२ असे क्रमांक द्यावेत. क्रमांक शब्दांपेक्षा जास्त भांडणे मिटवतात. आउटकमसाठी नवा शब्द शोधू नये. अध्ययन निष्पत्तीमुळे ‘निष्पत्ती’ शिक्षकांच्या तोंडी बसला आहे.

योजना आणि आराखडा यांत तर गोंधळाला जागाच नको. मराठीत योजना म्हटली की अर्ज, पात्रता आणि लाभार्थी आठवतात. शिष्यवृत्ती ही योजना. पाच वर्षांची आखणी हा आराखडा.

मात्र आराखड्यांतही एक आडनाव राखीव आहे, ते म्हणजे बृहत आराखडा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १०७ मधल्या पर्स्पेक्टिव्ह प्लॅनला परिपत्रकांत आणि बातम्यांत हेच म्हणतात. तो पाच वर्षांसाठी असतो आणि त्याचा मुख्य विषय महाविद्यालये कुठे निघावीत हा आहे. सोय नसलेल्या आणि अविकसित भागांचा विचार करून सुविधांचे न्याय्य वाटप व्हावे, असे कायदा सांगतो. तो तयार करायचा अधिष्ठाता मंडळाने. तो व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद आणि अधिसभा यांच्यापुढे जातो, आणि त्याला मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाची, म्हणजे माहेडची, मान्यता लागते. या आराखड्यात न बसणाऱ्या नव्या महाविद्यालयाचा अर्ज विचारातच घेतला जात नाही, इतके त्याला वजन आहे. त्यामुळे संशोधन, परीक्षा सुधारणा, वसतिगृहे, मनुष्यबळ अशा सगळ्या बाबींच्या आराखड्याला ‘बृहत’ म्हणू नये. संस्थाचालक त्यात बिंदू शोधायला लागतील, आणि त्यांचे काही चूक नसेल. (बिंदू म्हणजे नव्या महाविद्यालयासाठी निश्चित केलेले ठिकाण.) विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये ज्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली तो इन्स्टिट्यूशनल डेव्हलपमेंट प्लॅन हा तिसरा प्रकार, त्याला ‘संस्था विकास आराखडा’ म्हणणे पुरेसे आहे.

राहिले स्ट्रॅटेजिक. ‘सामरिक’ म्हणजे युद्धाशी संबंधित, तो बाद. ‘व्यूहात्मक’ म्हटल्यावर अभिमन्यू आठवतो. ‘धोरणात्मक’ सर्वांत रुळलेला, पण मराठीत धोरण म्हणजे पॉलिसी झाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा उल्लेख त्याच पानावर असेल, तर ‘धोरणात्मक आराखडा’ म्हणजे त्या धोरणाच्या अंमलबजावणीचा आराखडा, असे वाचले जाते. गंमत अशी की स्ट्रॅटेजीचा खरा अर्थ ‘धोरणी’ या विशेषणात अजून शाबूत आहे: पुढचे पाहून, आपले बळ ओळखून पावले टाकणारा. पण ‘धोरणी आराखडा’ हसण्यावारी जाईल. माझा कौल हे विशेषण गाळण्याकडे आहे. ‘पंचवार्षिक विकास आराखडा’ म्हणावे आणि पुढे वर्षे लिहावीत. नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, सात निकषांच्या चौकटीत सहाव्या निकषाखाली स्ट्रॅटेजीचे स्वतंत्र उपकलम आहे, तिथे उत्तर देताना ‘धोरणात्मक’ एकदा वापरून त्याचा अर्थ सांगून टाकावा.

आता रिव्ह्यू. समीक्षा मराठीत साहित्याची, नाटकाची, ग्रंथाची होते. बैठकीतली ‘समीक्षा’ ही हिंदीतून आलेली आहे. पुनर्विलोकनाला न्यायालयीन वास आहे. मराठीचा हक्काचा शब्द आढावा: आढावा घेतात, आढावा बैठक असते. पण इंग्रजीतला एकच रिव्ह्यू आराखड्याच्या आयुष्यात तीन वेगळ्या कामांसाठी येतो, आणि तिन्हींना आढावा म्हटले की दोन कामे हुकतात. दरवर्षी लक्ष्य आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ घालतात, तो आढावा. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या वार्षिक अहवालासाठी गोळा होणारी माहिती इथेच कामी येते. मध्यावर, अडीच-तीन वर्षांनी, आकडे साधूनही उद्दिष्ट जवळ आले का हे तपासतात, ते मूल्यमापन. महाविद्यालय निघाले, पण शिक्षकपदे रिक्त आणि प्रयोगशाळा कुलूपबंद, हे आढाव्यात दिसत नाही, मूल्यमापनात दिसते. आणि मुदत संपताना ध्येयापासून पुन्हा विचार करतात, ती फेरआखणी. मसुद्यात जिथे जिथे रिव्ह्यू आहे तिथे हे तिन्ही पर्याय लावून पाहावेत.

प्रश्नात नसलेली, पण याच कागदावर भोवणारी एक गोष्ट म्हणजे बैठकीची क्रियापदे. एखाद्या प्राधिकरणाने आराखड्याची ‘नोंद घेतली’ म्हणजे तो पाहिला, एवढेच. ‘शिफारस केली’ म्हणजे पुढच्या प्राधिकरणाकडे पाठवला. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे कल्पना पटली, खर्चाचे नंतर बघू. ‘मान्यता दिली’ तरच तो लागू. इंग्रजी मसुद्यातल्या एन्डॉर्सचे मराठीत अनेकदा ‘मान्यता’ होते, आणि इतिवृत्त कायम करण्याच्या वेळी कोणीतरी उठून हरकत घेते. तिथे ‘शिफारस’ हवी.

शुद्धलेखनाचे तेवढे सांभाळावे. लक्ष म्हणजे अवधान किंवा शंभर हजार. टार्गेट म्हणायचे असेल तर ‘लक्ष्य’, क्षला य जोडून. दृष्टिकोन आणि कृतिकार्यक्रम या समासांत पहिले पद ऱ्हस्व, पण सुटे लिहिले तर ‘कृती आराखडा’, दीर्घ. बृहतचा पाय मराठीत मोडत नाहीत, आणि संधी करून ‘बृहदाराखडा’ही करू नये.