पंचविशीपर्यंत थांबायचं?

(नाशिकच्या इंदिरानगरमधून एका वडिलांचं पत्र. मुलगी बारावी सायन्स, नीटला 380. तिला 'मेंदू निर्णय कसा घेतो' हे शिकायचंय. मेंदू पंचविशीपर्यंत पक्का होत नाही असं वाचल्यामुळे आईवडिलांनीच ठरवलंय: रिपीटर बॅच, एमबीबीएस, मग न्यूरोलॉजी. बरोबर ना, असं ते विचारतात.)

नमस्कार,

मला काळजी त्या 380 ची वाटत नाही. पत्रभर 'आम्ही ठरवलं' आहे. मुलीचं वाक्य एकच, कागदाच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलेलं: 'मला पेशंट तपासायचे नाहीत, मेंदूवर प्रयोग करायचेत.' तुम्ही ते न वाचताच पाकीट बंद केलंत का?

आता तो पंचविशीचा गैरसमज. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, हे खरं. पण शांतपणे विचार करायला वेळ मिळाला तर सोळाव्या वर्षानंतर मुलं जवळपास मोठ्यांसारखाच तर्क लावतात. घसरतात ती राग, भीती, दबाव असला की. तुमच्या घरात सध्या नेमकं तेच चाललंय.

घरी एक करून बघा. 'लाल' हा शब्द हिरव्या स्केचपेननं लिहा आणि शाईचा रंग पटकन सांगा. जीभ अडखळते. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपनं ही चाचणी 1935 साली मांडली. बऱ्याच संशोधकांच्या मते, त्या क्षणी अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स हा मेंदूच्या आतल्या बाजूचा भाग ही ओढाताण टिपतो आणि प्रीफ्रंटल भागाला सावध करतो. चूक झालीच, तर माणूस 'अरे!' म्हणायच्या आत तिची खूण ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखात, उमटते. ही यंत्रणा स्वतःच्या निवडीतून, स्वतःच्या चुकांतून शिकते. मुलीच्या जागी तुम्हीच निवडत राहिलात, तर त्या यंत्रणेनं शिकायचं कशावर?

न्यूरोलॉजिस्ट आजारांवर उपचार करतो. तिला हवंय ते संशोधन, आणि त्याला एमबीबीएस लागत नाही. आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा आहे. नाहीतर नाशिकमध्येच बीएस्सी किंवा मानसशास्त्र करून आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्स (मन-मेंदू कसं काम करतात याचा अभ्यास), पुढे पीएचडीला मानेसरचं एनबीआरसी हे मेंदू संशोधन केंद्र किंवा बंगळुरूची मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था निम्हान्स. स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंग टळत नाही, कमाईही उशिरा सुरू होते. हे तिला स्पष्ट सांगा, पण घाबरवायला म्हणून नको.

रिपीटर बॅचचा पुढचा हप्ता तूर्त भरू नका. आणि यानंतरचं पत्र तिला लिहू द्या, पेननं.