मलंगगड नेमका कुठला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी मुलुंडला २२व्या मजल्यावर राहायला आलो. पूर्वेच्या बाल्कनीतून पारसिकच्या डोंगरामागे मोठी रांग दिसते. नातवाने मोबाइलमध्ये डोंगरांची नावं सांगणारं ॲप टाकून दिलंय. पण सकाळी ज्या डोंगरावर मलंगगड लिहून येतं, त्याच डोंगरावर संध्याकाळी चंदेरी लिहून येतं, एकदा तर नाव समोरच्या टॉवरवरच आलं. माझं लहानपण कल्याणला गेलं, मलंगगड मला डोळे मिटून ओळखता यायला हवा, पण इथून तो वेगळाच वाटतो. ॲपवर विश्वास ठेवू की नको?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : काकू, ठेवा, पण एका अटीवर, पहिला डोंगर तुम्ही स्वतः ओळखायचा आणि मग बाकीचे ॲपला विचारायचे.

हे ॲप कॅमेऱ्यातून डोंगर बघून ओळखत असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. पीकफाइंडर, पीकव्हायझर अशी जी ॲप्स आहेत ती मुळात तसं करत नाहीत. फोन जीपीएसवरून तुम्ही कुठे उभे आहात ते घेतो, होकायंत्रावरून कुठल्या दिशेला बघताय ते घेतो, आणि जमिनीच्या उंचीचा जो नकाशा ॲपकडे असतो त्यावरून तिथून कुठली डोंगररेघ दिसायला हवी ती आखतो. तो नकाशा चांगला पक्का असतो. फेब्रुवारी २०००मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांच्या सफरीत रडारने पृथ्वीचा बराचसा भूभाग मोजला होता, ती माहिती आजही अशा कामांना वापरतात. जीपीएसही मोकळ्या बाल्कनीत बरं चालतं. घोळ होतो तो होकायंत्राचा.

आता मला सांगा, तुमच्या बाल्कनीला लोखंडी ग्रिल आहे ना? आणि मोबाइलला पाकिटासारखं उघडणारं कव्हर? त्या कव्हरच्या झडपेत बारीक लोहचुंबक असतो. मागच्या ऑक्टोबरात भांडुपला मित्राच्या गच्चीवर आम्ही हेच बघत होतो, मी फोन हातात स्थिर धरलेला आणि त्याने नुसती कव्हरची झडप मागे दुमडली तर स्क्रीनवरची सगळी नावं सरकत सरकत उजवीकडे गेली, डोंगर जागच्या जागी. कव्हर काढलं, ग्रिलपासून चार पावलं आत आलो, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा चार-पाच वेळा फिरवला, तेव्हा कुठे नावं जाग्यावर आली.

आणि थोडीशी चूकसुद्धा किती महागात पडते बघा. हात लांब करून मूठ धरा, मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. मुलुंडहून मलंगगड २५ किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढ्या अंतरावर १० अंशांची चूक म्हणजे आडवे चार किलोमीटरच्या वर. तुमच्या बाल्कनीतून मलंगगड आणि चंदेरी यांच्यात तर एका मुठीएवढंही अंतर नाही. म्हणून सकाळी मलंग आणि संध्याकाळी चंदेरी.

यावर उपाय सोपा आहे. जवळपास सगळ्या अशा ॲपमध्ये आखलेली रेघ बोटाने डावी-उजवीकडे सरकवता येते. एक खात्रीचा डोंगर धरायचा, त्याची रेघ खऱ्या डोंगरावर बरोबर बसवायची, की बाकीची नावं आपोआप बसतात. तुमच्यासाठी तो डोंगर मलंगगडच. तो वेगळा दिसतो कारण कल्याणहून तुम्ही त्याची उत्तरेची बाजू बघत होतात, मुलुंडहून पश्चिमेची बघताय, आणि आपल्या सह्याद्रीतले हे कातळमाथे बाजू बदलली की अगदी ओळख विसरायला लावतात. पूर्वेला तोंड करून उभ्या राहिलात की क्रम डावीकडून उजवीकडे असा येतो, मलंगगड, चंदेरी, मग पेब, माथेरानचं लांबलचक पठार, आणि त्याच्याही उजवीकडे प्रबळगड. माथेरान सपाट असल्यामुळे ते चटकन सापडतं, तिथून डावीकडे मागे मागे या. अजून एक खूण, डिसेंबरच्या शेवटी सूर्य अगदी पूर्वेला उगवत नाही, आपल्याकडे साधारण २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो, म्हणजे तुमच्याकडून चंदेरी-माथेरानच्या अंगाला. त्या आठवड्यात पहाटे चहा घेऊन बाल्कनीत बसाच.

एक सेटिंग राहिलं. काही ॲप्स तुम्ही जमिनीवर उभ्या आहात असं धरून चालतात. २२ मजले म्हणजे ६५-७० मीटर, ती उंची हाताने भरता येत असेल तर भरा, नाहीतर पारसिकमागचं जे तुम्हाला दिसतंय ते ॲप झाकलेलं दाखवेल. आणि नातवाला लोकेशन 'अचूक' वर ठेवायला सांगा.

प्रश्न : मी रोज बदलापूर-सीएसएमटी करतो. सुट्टीत कर्जतला जाताना ट्रेनमधून ॲप लावलं तर नावं गोल गोल फिरतात. शिवाय नवरा-नवरीचे सुळके लहान मुलालासुद्धा दिसतात, ते ॲपमध्ये नाहीतच! असं कसं?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : ट्रेनमध्ये लावूच नका, चहूबाजूंनी लोखंड आणि वर विजेची तार, होकायंत्र तिथे काय करणार. कर्जतकडे जाताना उजव्या हाताला चंदेरी-माथेरानची रांग असते, खिडकीतून फोटो काढून ठेवा आणि घरी आल्यावर ॲपच्या नकाशावर ती जागा, समजा वांगणी स्टेशन, निवडून तिथून काय दिसतं ते उघडा. फोटो आणि रेघ शेजारी शेजारी ठेवून बघायला खरं तर जास्त मजा येते, घाई नसते.

सुळक्यांचं दुखणं मात्र खरं आहे आणि मलाही ते सलतं. उंचीच्या त्या नकाशात जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन असतात आणि एका चौकोनाला एकच उंची. डोंगराची मोठी धार त्यात नीट उतरते, पण काडीसारखा उभा सुळका एकदोन चौकोनांत विरघळून जातो. नवरा-नवरी असोत, कर्नाळ्याचा अंगठा असो की माहुलीचा वजीर, जी आपल्या डोळ्याला पहिली खूण तीच ॲपला दिसत नाही. बाहेरच्या देशातल्या रुंद हिमशिखरांना हा त्रास कमी होतो.

नावांचं वेगळं. बरीच नावं ओपनस्ट्रीटमॅपवरून येतात, आणि तो नकाशा तुमच्या-माझ्यासारखे लोक भरतात. म्हणून कुठे पेब लिहिलेलं असतं कुठे विकटगड, नागफणीच्या जागी ड्यूक्स नोज. गाववाले ज्या टेकाडाला नावाने हाक मारतात ते कित्येकदा कोरंच असतं. खातं उघडून तुम्ही स्वतः नाव टाकू शकता, मराठीत, देवनागरीत सुद्धा. बदलापूर-वांगणीत जन्म गेलेली माणसं आहेत तोवर त्यांना विचारून टाका, कुणाला काय म्हणतात ते त्यांच्या तोंडून ऐकून.

प्रश्न : ठाण्याहून ॲप कळसूबाई दाखवतं. खरंच दिसतं का हो?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अंतर साधारण ९० किलोमीटर. जमिनीवरून बघितलं तर पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर खालचा ५०० मीटरच्या आसपासचा भाग बुडतो, पण कळसूबाई १६४६ मीटर आहे, माथा वर उरतोच. मध्ये डोंगर आड येत नसेल तरच ॲप नाव लिहितं. फक्त उरलेला माथा किती, तर हात लांब केल्यावर करंगळीची जेवढी रुंदी दिसते त्याहूनही कमी उंचीचा. आणि ॲपला हवा दिसत नाही, धूर-धुकं दिसत नाही, ते काळी कुळकुळीत रेघ काढून मोकळं होतं. हिवाळ्यात आपल्याकडे खाली साचणारं धुरकट तर एवढं असतं की पारसिकही पुसट होतो. पाऊस नुकताच जाऊन हवा धुतलेली असते त्या दिवसांत, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, उंच गच्चीवरून, दुर्बीण घेऊन बघा. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, तेव्हा ऊन पश्चिमेकडून थेट डोंगरांच्या तोंडावर पडलेलं असतं. दिसलं तर तारीख आणि जागा आम्हाला नक्की कळवा, पुढच्या अंकात छापू.