वाचकांचे प्रश्न : बाखचा डावा हात, मोझार्टचा डावा हात

प्रश्न : माझी मुलगी पियानोच्या परीक्षेची तयारी करतेय. थिअरीसाठी तिला बरोक, क्लासिकल, रोमँटिक असे कालखंड सनावळीसकट पाठ करावे लागतात. पाठ होतं सगळं, पण एखादा तुकडा लावून दिला तर तिला ओळखता येत नाही, आणि मला तर सगळं एकसारखंच वाटतं. लहानपणी मी थोडी पेटी शिकलेय. हा फरक कानाला कसा कळेल? आणि या शैली बदलल्या तरी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, पेटी शिकलाय ना, मग अर्धं काम झालंच, कारण मी सरगममध्येच सांगणारे. सनावळी जरा बाजूला ठेवा आणि लेकीला म्हणा, आज उजवा हात ऐकायचाच नाही, फक्त डावा ऐकायचा.

आधी बाखचं सी मेजरमधलं (म्हणजे सी हा सा धरून) पहिलं इन्व्हेन्शन, म्हणजे दोन सुरावटींचा छोटा तुकडा, लावा, विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेलं, 1723 ची प्रत आहे. उजवा हात सुरू होतो, सारेगम रेगसा प, आणि तो प वर टेकतो न टेकतो तोच डावा हात खालच्या सप्तकात तेच सारेगम रेगसा म्हणत आत येतो, मग पुढे दोघांचा संवाद, कधी हा पुढे कधी तो, साथ करणारा असा कोणीच नाही, दोघंही गायकच. हे बरोक.

आता मोझार्टचा 1788 चा सोनाटा घ्या, तोही सी मेजरच, शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या हाताखालून जातो. उजवा हात निवांत म्हणतो, सा, ग, प, मग खालचा नी, सारेसा. आणि डावा? सापगप, सापगप, बस्स. गाणारा एक, बाकी साथ. एकदा हा फरक कानात बसला की अर्ध्या मिनिटात कळतं आपण 1750 च्या अलीकडे आहोत की पलीकडे, बरोक साधारण तिथेच संपतं. (अपवाद आहेत, मोझार्टनेही फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाज उचलत जातात अशा रचना, लिहिल्यात, पण सुरुवातीला ही खूण पुरते.)

तिसरा शोपँ, त्याचं ई फ्लॅटमधलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांत भावाचा पियानोचा तुकडा. इथे डावा हात खूप खाली जाऊन एक खर्ज सूर लावतो आणि लगेच वर उडी मारून कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर, वाजवतो, पायाने पेडल दाबलेलं असल्यामुळे तो खर्ज मागे घुमत राहतो, आणि त्या घुमणाऱ्या आवाजावर उजवा हात ठुमरी गाणाऱ्यासारखा रेंगाळतो, मागे राहतो, मग भरभर येऊन गाठतो. हे रोमँटिक.

आता का बदललं. प्रतिभावान माणसं जन्मली म्हणून, हे पुस्तकातलं उत्तर मला अपुरं वाटतं. वाद्य बदललं हे आधी सांगायला हवं. बाखच्या काळात पट्ट्यांचं मुख्य वाद्य म्हणजे हार्पसिकॉर्ड, त्यात पट्टी दाबली की लाकडाची एक बारीक काठी वर जाते आणि तिला बसवलेलं पिसाचं टोक तार छेडतं, म्हणजे सतारीच्या मिजराफासारखंच, पण मिजराफ बोटात असते म्हणून जोर आपल्या हातात राहतो, इथे पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज जवळपास तेवढाच. आता एका हाताने हळू साथ आणि दुसऱ्याने ठळक गाणं कसं करणार? म्हणून दोन्ही हातांना सारखं काम देणं त्या वाद्यावर शोभून दिसतं. फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने 1700 च्या आसपास छेडण्याऐवजी हातोडीने तार ठोकणारं यंत्र बनवलं, हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते, आणि आता बोट जितकं हळू तितका सूर हळू. पियानोचा प्रसार व्हायला पुढे पन्नास-साठ वर्षं गेली, पण झाल्यावर गाणं आणि साथ वेगळी ठेवणं एकदम सोपं झालं. शोपँच्या काळापर्यंत चौकटीला लोखंड आलं, तारा जाड झाल्या, सप्तकं वाढली, आणि आजच्या मोठ्या पियानोत तारांचा एकूण ताण जवळपास 20 टन असतो.

दुसरं म्हणजे पैसे कोण देतं. बाख लाइपझिगला चर्चच्या नोकरीत होता. संगीतकार हायडनने 1761 मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याशी जो करार केला त्यात गणवेश घालायचा आणि लिहिलेलं संगीत मालकाचं, असं स्पष्ट होतं. 1790 मध्ये त्या घराण्याचे तेव्हाचे राजेसाहेब वारले आणि हायडन लंडनला गेला, तिथे तिकीट काढून आलेले लोक, मोठा हॉल, मोठा वाद्यवृंद, मग त्याच्या सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, सुद्धा तशाच भरदार झाल्या. पुढे वाढतच गेलं, 1910 मध्ये म्युनिकला माहलरची आठवी सिंफनी झाली तेव्हा स्टेजवर हजाराहून जास्त गाणारे-वाजवणारे होते.

प्रश्न : आपल्याकडे गायक मैफलीत राग फुलवतो, त्यांच्याकडे कागदावरचं जसंच्या तसं वाजवतात. मग त्यात कलाकाराचं काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दादा, हे कायम असं नव्हतं, आणि ते हरवलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. बरोकमध्ये साथीच्या हार्पसिकॉर्डवाल्याला फक्त खालचा सूर आणि त्याच्यावर आकडे लिहून दिलेले असायचे, बाकी त्याने जागेवर भरायचं, आपल्या पेटीवाल्यासारखंच की. कॉन्चेर्टोत, म्हणजे एकटा वादक आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत, वाद्यवृंद मध्येच थांबायचा आणि एकटा वादक मनाने वाजवायचा, त्याला कादेंझा म्हणतात. मोझार्ट आणि बीथोव्हन दोघंही व्हिएन्नात आयत्या वेळी वाजवण्यासाठी नावाजलेले होते. पण 1809 च्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत कादेंझाच्या जागी बीथोव्हनने लिहूनच ठेवलं की इथे कादेंझा करू नका, पुढचं लगेच वाजवा, आणि पुढचं त्याने स्वतः सूर न् सूर लिहून दिलंय. तोवर त्याला ऐकू येणं फार कमी झालं होतं, हा कॉन्चेर्टो लोकांसमोर पहिल्यांदा वाजला तेव्हा पियानोवर तो नव्हता, दुसरे वादक होते. छापील प्रती गावोगाव जायला लागल्या, वाजवणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा झाला, तशी वादकाची मोकळीक आटत गेली.

प्रश्न : बाखला मेल्यावर ऐंशी वर्षं कोणी विचारलं नाही, हे खरं का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : अर्धं खरं. वादकांमध्ये तो होताच, बीथोव्हन बॉनला लहानपणीच त्याचे प्रील्यूड-फ्यूग वाजवायचा, आणि मोझार्टने 1782 मध्ये वडिलांना पत्रात कळवलंय की दर रविवारी दुपारी 12 वाजता एका सरदाराकडे जातो, तिथे हेंडेल आणि बाखशिवाय काही वाजत नाही. लोकांसमोर मात्र तो क्वचितच यायचा, कारण तेव्हा लोकांना नवीनच ऐकायचं असे, जुनं वाजवायची पद्धतच फारशी नव्हती. 11 मार्च 1829 ला बर्लिनमध्ये मेंडेल्सोन या संगीतकाराने बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या मृत्यूची कथा सांगणारी मोठी गायन-रचना, थोडी काटछाट करून, पुन्हा लोकांसमोर आणलं. तेव्हा मेंडेल्सोन 20 वर्षांचा होता.