एका आकड्याने बाबांना दारुडे ठरवले

प्रश्न : वडील (वय ६४) पोटात असह्य कळा येऊन इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात भरती झाले. स्वादुपिंडाला सूज होती. नंतर पित्ताशय काढावे लागले. १ लाख ८४ हजारांचा क्लेम कंपनीने ‘मद्यपानामुळे झालेला आजार’ म्हणून नाकारला. बाबांनी दारूच्या थेंबाला कधी हात लावलेला नाही. पॉलिसी २०१९ पासून सलग आहे. भाऊ म्हणतो, साठ महिने झाले की कंपनीला क्लेम नाकारताच येत नाही. ग्राहक आयोगात जावे का? – एक वाचक, सुदामानगर

उत्तर : ताई, आयोगाचे नंतर पाहू. तुम्ही पाठवलेल्या कागदांतला क्लेम फॉर्मचा ‘भाग ब’ मी आधी काढला. हा भाग रुग्णालय भरते, घरच्यांनी तो बहुधा पाहिलेलाही नसतो. आजाराच्या रकान्यात तिथे ‘के ८५.२’ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात के ८५ म्हणजे स्वादुपिंडाची तीव्र सूज. पुढे १ लिहिला तर कारण पित्तमार्गातले, म्हणजे बहुतेकदा खडे. २ लिहिला तर दारू. सोनोग्राफीत खडे स्पष्ट आहेत, डिस्चार्ज समरीत दारूचा शब्द नाही. एवढे असून क्लेम तपासणाऱ्याने पुढचे पान उलटले नाही, याचाच मला जास्त राग आहे.

भावाचा मुद्दा इथे चालणार नाही. साठ महिन्यांनंतर कंपनीला माहिती लपवल्याचे कारण पुढे करता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण दारूमुळे झालेले आजार पॉलिसीतल्या कलमानेच वगळलेले असतात, त्या कलमाला ही मुदत लागू नाही. मात्र ते कलम लागू होते हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, तुमची नाही.

आता रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन पूर्ण केस पेपर मागा. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेनुसार ते ७२ तासांत मिळायला हवेत. त्यात भरतीच्या वेळी लिहून घेतलेली सवयींची नोंद स्वतः वाचा. ‘कधीमधी घेतो’ असे कुणी सांगून बसले असेल, तर ते मला आधी कळवा. मग सर्जनकडून सहीशिक्क्याचे पत्र घ्या : आजाराचे कारण पित्तखडे, कोड के ८५.१, आधीचा कोड लिहिण्यातली चूक. जुन्या कागदावर खाडाखोड मात्र करू देऊ नका. तसा कागद दिसला की कंपनीला आयतेच कोलीत मिळते. कोड बदलला की प्रकरण पित्तखड्यांचे होते आणि त्यांचा क्लेम मिळायला बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीची दोन वर्षे थांबावे लागते. तुमची ती केव्हाच संपली आहे.

हे सगळे जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला फेरविचाराचा अर्ज करा, पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकारच आला, तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जा. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाची मुदत असते, फी नाही, आणि वकील असून सांगतो, तिथे वकील लागत नाही. ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत मात्र यादरम्यानही चालूच धरा, म्हणून नकारपत्राची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.