क्राउडफंडिंगवरचे नवीन बोर्ड गेम कसे शोधायचे आणि त्यातल्या कुठल्यावर पैसे लावायचे?

तुम्ही लिहिलंय की मडगावात चौघांचा गट जमलाय, कॅटान खेळून कंटाळा आलाय, किकस्टार्टरवर (गेम बनण्याआधीच लोकांकडून पैसे जमवायची वेबसाइट) रोज काहीतरी नवीन दिसतं, पण त्यातलं खरं कुठलं आणि नुसतं चकाकणारं कुठलं ते कळत नाही. मी फोंड्याचा. सात वर्षांत अकरा प्रकल्पांना पैसे दिले. नऊ खोकी घरी पोचली, एक वाटेत आहे आणि एक कधीच येणार नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या न आलेल्या खोक्यानं.

२०२१ साल होतं. एका गेमच्या कॅम्पेनच्या, म्हणजे पैसे जमवायच्या मोहिमेच्या, व्हिडिओत वीतभर उंचीचा राक्षसाचा पुतळा गरगर फिरत होता, रोज नवा स्ट्रेच गोल (जास्त पैसे जमले की खोक्यात पडणारी भर) उघडत होता. रात्री साडेअकराला मी ‘ऑल-इन’ प्लेज करून, म्हणजे सगळ्या जोडवस्तूंसकट पैसे द्यायचं कबूल करून, मोकळा झालो. नियमपुस्तिकेच्या जागी ‘लवकरच’ लिहिलेलं होतं, तिकडे मी बघितलंच नाही. दीड वर्षानं शिपिंग महागलं म्हणून आणखी पैसे मागितले, तेही दिले. त्यानंतर अपडेट विरळ होत गेले आणि एक दिवस थांबले. मग चडफडत त्याच लोकांच्या आधीच्या कॅम्पेनचं पान उघडलं. तिथल्या कॉमेंटमध्ये लोक दोन वर्षं आपला गेम कुठे आहे ते विचारत होते. मी पैसे दिले त्याच्या आधीपासून!

आमची आई म्हापशाच्या बाजारात बांगडा घेताना आधी कल्ला वर करून बघते, लाल नसेल तर पुढे चालू लागते. बाई कितीही ‘ताजे, ताजे’ म्हणाली तरी. या खेळांचे कल्ले दोन: नियमपुस्तिका आणि आधीच्या कॅम्पेनच्या कॉमेंट.

नियमपुस्तिका नसेल तर मी पान बंद करतो. असेल तर पहिल्यापासून वाचत बसत नाही. माझ्या पाळीत मी नेमकं काय ठरवायचंय आणि खेळ संपतो कसा, एवढं आधी शोधतो. पाळी म्हणजे फासा टाका, पत्ता उचला, जे होईल ते बघा, असं असेल तर पुतळे कितीही देखणे असोत, मी सोडून देतो. बऱ्याच कॅम्पेनवर प्रिंट-अँड-प्लेची, म्हणजे घरी छापून खेळायची, फाइल फुकट असते, नाहीतर टेबलटॉप सिम्युलेटर या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये खेळून बघता येतं. आम्ही तिस्कावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाड कागदावर पत्ते छापून घेतो, कात्रीनं कापतो, आणि लाकूड-दगड-सोनं यांच्या जागी काजूच्या बिया, चिंचोके, शर्टाची बटणं. एका नावाजलेल्या गेमचा असाच प्रयोग केला तेव्हा आमच्यातला एकजण मध्येच उठून चहा करून आला, तरी त्याची पाळी आलेली नव्हती. सहा-सात हजार वाचले. झेरॉक्सचे गेले एकशे ऐंशी.

आता शोधायचं कुठे. जागा तीनच लक्षात ठेवा: किकस्टार्टर, गेमफाउंड आणि बॅकरकिट. कॅम्पेन सुरू होण्याआधीच त्यांची पानं टाकलेली असतात, तिथे ‘फॉलो’ करून ठेवता येतं. पण नुसते स्क्रोल करत बसलात तर माझ्यासारखे राक्षसाच्या नादी लागाल. त्यापेक्षा उलटं करा. तुम्हाला आवडलेल्या गेमच्या खोक्यावर डिझायनरचं नाव असतं, ते बोर्डगेमगीक या बोर्ड गेमच्या माहितीच्या वेबसाइटवर टाका, तो पुढे काय करतोय ते कळतं. पाच-सहा डिझायनर आणि दोन-तीन प्रकाशक धरून ठेवले की वर्षाचं पुरतं. यूट्यूबवरचे प्रिव्ह्यू बघायला हरकत नाही, पण त्यातले पुष्कळ पैसे घेऊन केलेले असतात आणि हातात असतो तो प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना. त्याला परीक्षण समजू नका.

नवीन माणसानं पहिले पैसे नव्या गेमवर लावूच नयेत असं माझं मत आहे. दुसऱ्या आवृत्तीची किंवा पुनर्मुद्रणाची कॅम्पेन बघा. ग्लूमहेवन २०१५ मध्ये किकस्टार्टरवर आला आणि २०१७ मध्ये त्याच्या दुसऱ्या छपाईसाठी पुन्हा कॅम्पेन झाली. तोवर पुष्कळ लोकांनी तो खेळून गुण दिले होते, चुका सापडल्या होत्या. त्याचा पुढचा भाग फ्रॉस्टहेवन २०२० मध्ये आला तेव्हा ८३ हजारांहून जास्त लोकांनी मिळून जवळजवळ १ कोटी ३० लाख डॉलर लावले, ते त्या विश्वासावर. आणि ‘आत्ता नाही घेतला तर कधीच नाही’ ही भीती तर सोडूनच द्या. ब्रास: बर्मिंगहॅम आणि रूट, दोन्ही २०१७ च्या किकस्टार्टर कॅम्पेन. आज दोन्ही दुकानात मिळतात.

आपल्याकडचा म्हणाल तर २०१९ मध्ये किकस्टार्टरवर आलेला ‘शासन’ जरूर बघा. मुंबईच्या मंडळींनी केलाय. प्रश्नांना उत्तरं द्यायची, त्यातून निधी, वजन, मीडिया आणि विश्वास कमवायचा आणि मतदार गोळा करायचे. गोव्यात राहणाऱ्याला नियम समजावून सांगावे लागत नाहीत. दुसरा, स्पिरिट आयलंड, २०१५ ची कॅम्पेन: आपण बेटावरचे देव-देवचार आणि सगळ्यांनी मिळून वसाहतवाल्यांना हाकलायचं. मूळ खोक्यात शत्रू म्हणून इंग्लंड, स्वीडन आणि ब्रँडनबर्ग-प्रशिया आहेत. पोर्तुगीज नाहीत, याची खंत आमच्या गटात दर वेळी व्यक्त होते.

पैशांचं. किकस्टार्टर म्हणजे दुकान नव्हे, हे ते स्वतःच सांगतात. २०१२ मध्ये एका बोर्ड गेमसाठी १ लाख २२ हजार डॉलर जमले, गेम काही निघेना. अमेरिकेच्या व्यापार आयोगाचं म्हणणं असं की जमवणाऱ्यानं त्यातून घरभाडंसुद्धा भरलं. २०१५ मध्ये आयोगानं कारवाई केली, पण त्या माणसाकडे परत द्यायला पैसेच नव्हते. दुसऱ्याच एका प्रकाशकानं त्याआधीच तो गेम काढून त्या लोकांना फुकट दिला होता, म्हणून निदान खोकं तरी मिळालं.

शिपिंग बहुतेकदा नंतर, प्लेज मॅनेजरमध्ये (कॅम्पेन संपल्यावर पत्ता आणि उरलेले पैसे भरायचं पान) भरायचं असतं. भारतात आल्यावर कस्टम ड्युटी, कुरियरवाल्याला केवायसीचे कागद, आणि कार्डाचा परकीय चलनाचा आकार वेगळाच. मी पानावरची रक्कम पावणेदोनपट धरतो आणि तरीही गेम हवासा वाटला तरच पुढे जातो. तुम्ही चौघं आहात तर चौघांनी चार वेगळे गेम घ्या, एकाच गेमच्या चार प्रती नकोत. मुंबई-बंगळुरूकडचे लोक ग्रुप प्लेज करून एकत्र मागवतात, ओळख निघाली तर शिपिंग बरंच वाटून जातं.

आणि पहिल्या दिवशी उडी मारू नका. किकस्टार्टरवर प्रकल्प सेव्ह करून ठेवला की संपायच्या ४८ तास आधी मेल येतो. तोवर कॉमेंटमध्ये लोकांनी सगळं उकरून काढलेलं असतं. पैसेही कॅम्पेन संपल्यावर, लक्ष्य गाठलं तरच कापले जातात. माझी निम्मी हौस त्या मेलपर्यंत आपोआप ओसरलेली असते.

एक गोष्ट बाहेरचे लोक सांगणार नाहीत, ती म्हणजे आपला पाऊस. आत काय काय आहे ती यादी बघताना ड्युअल-लेयर बोर्ड आहेत का ते बघा. खाचा असलेला पुठ्ठा, एकावर एक चिकटवलेला. व्हिडिओत फार सुंदर दिसतो. गेल्या जुलैत माझे असे चार बोर्ड केळीच्या पानासारखे वळले आणि खोक्याचं झाकण बसेना. सिलिका जेलच्या पुड्या होत्या, पण पाच-सहा पुड्यांनी आमच्या घरातली दमट हवा काय हटणार? शेवटी बोर्ड गादीखाली घातले, वर वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे. चवथीला भावंडं जमली तेव्हा काढले. तीन सरळ झाले होते. चौथा अजून डुगडुगतो, तो आम्ही जो मागच्या वेळी जिंकला त्याला देतो.