एनएबीएल लॅबचा रिपोर्ट युरोपात चालतो का, की तिकडे पुन्हा तपासणी होतेच?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही "की हे सगळे लॅबवाल्यांचे धंदे?" असंही जोडलंय, म्हणून लिहायला बसले. हे वाक्य मी घरात 2022 पासून ऐकतेय.

चालतो. पण रिपोर्टवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या आपल्या संस्थेचा, छापा दिसला की काम झालं, असं समजू नका. लॅबला मान्यता मिळते ती ठरावीक पदार्थात, ठरावीक घटक, ठरावीक पद्धतीने तपासण्यापुरती. त्या यादीला स्कोप म्हणतात. आमचा घोळ तिथेच झाला.

पावसच्या रस्त्याला आमचं छोटं कॅनिंग युनिट आहे. त्या वर्षी जर्मनीतल्या एका आयातदाराची पहिली ऑर्डर आली. हापूसचा पल्प, 850 ग्रॅमचे डबे, एक वीस फुटी कंटेनर. त्याला कीटकनाशकांच्या अंशांचा रिपोर्ट हवा होता, त्यातही क्लोरपायरीफॉस नाव घेऊन. कारण उघड आहे. युरोपने 2020 मध्ये त्याची परवानगी काढली आणि मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणून ठेवली. आपल्याकडे भिरूड लागलं की बागवाले खोडात अजून तेच ओततात, आणि कॅनिंगचा आंबा आमच्याकडे पन्नास बागांतून येतो.

माल आणि पैसा थोरले दीर बघतात, कागद मी. मी सांगितलेली लॅब साडेतीन हजारांनी महाग पडत होती. भाऊजी म्हणाले, "दोन्हीकडे छापा तोच, मग जास्त का मोजायचे?" स्वस्तातल्या लॅबचा रिपोर्ट आला. क्लोरपायरीफॉससमोर 'बीएलक्यू', म्हणजे मोजता येईल त्या पातळीच्या खाली. भाऊजींनी तो कागद गणपतीपुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. खोटं नाही सांगत, स्कॅन केलेल्या प्रतीवर कोपऱ्यात कुंकवाचा डाग आहे अजून.

कंटेनर न्हावाशेवाहून सुटला, तिकडे पोचला, आणि दोन ओळींचा मेल आला. पहिली ओळ: तुमच्या लॅबची मोजण्याची किमान पातळी 0.05 आहे, आमची मर्यादा 0.01. दुसरी: क्लोरपायरीफॉसच्या नावापुढे चांदणी आहे, ती काय ते वाचा. चांदणीचा खुलासा दुसऱ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. खूण केलेली चाचणी मान्यतेच्या स्कोपमध्ये नाही.

आता बघा, ज्या तराजूवर पन्नास ग्रॅमच्या खालचं काही दिसतच नाही, त्यावर एखादी वस्तू दहा ग्रॅमपेक्षा हलकी आहे हे कसं ठरवणार? लॅब खोटं बोलली नव्हती. तिला जेवढं दिसत होतं तेवढंच तिने लिहिलं. आम्ही 'बीएलक्यू' म्हणजे 'नाही' असं वाचलं.

तिथे डबे फोडून पुन्हा तपासणी झाली, 0.01 च्या आत आलं, माल सुटला. तपासणीचा खर्च आणि गोदामाचं भाडं आमच्या बिलातून कापलं. पुढच्या वर्षी ऑर्डर आली नाही.

भाऊजींचा निकाल त्याच दिवशी तयार होता. "आकडा शेवटी तोच आला ना? आपल्या कागदाला तिकडे कुत्रं विचारत नाही." वर पुरावा म्हणून 2014. त्या वर्षी मे महिन्यात युरोपने आपला आंबा बंद केला होता आणि 2015 च्या जानेवारीत बंदी उठवली, हे खरं. पण ती फळमाशीमुळे होती. पेट्यांमध्ये अळ्या सापडल्या होत्या. तिथे कुठल्याही लॅबचा रिपोर्ट काय करणार? आणि आकडा 'तोच' आला नाही, आमच्याकडे आकडा नव्हताच.

त्यांचं म्हणणं मला पटत नाही त्याचं कारण साधं आहे. 2 नोव्हेंबर 2000 ला वॉशिंग्टनमध्ये 28 अर्थव्यवस्थांतल्या 36 मान्यता संस्थांनी आयलॅकच्या, म्हणजे अशा संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, परस्पर मान्यता करारावर सह्या केल्या. एनएबीएल त्या करारात आहे, जर्मनीची तशीच संस्था डाक्सही आहे. एका देशातल्या संस्थेचे लोक दुसऱ्या देशातल्या संस्थेचं काम जाऊन तपासतात. लॅबनाही सोडत नाहीत, एकच नमुना अनेक लॅबना पाठवून कोणाचं उत्तर भरकटतंय ते बघतात. सगळ्या लॅबचं मोजमाप एकाच मानकावर, आयएसओ 17025. म्हणजे आमची चाचणी स्कोपमध्ये असती आणि किमान पातळी 0.01 असती, तर 'भारतातला कागद' म्हणून तो बाजूला टाकायला त्या आयातदाराकडे कारण उरलं नसतं. साडेतीन हजार वाचवले नसते तर बिल पूर्ण आलं असतं, हे मी तेव्हाही म्हणाले होते. त्यावर "बीएस्सी केमिस्ट्रीने धंदा होत नाही" हे ऐकून घेतलं.

तर नमुना देण्याआधी लॅबला दोनच गोष्टी विचारा, आणि मेलवरच विचारा, फोनवर नको. माझ्या पदार्थातला हा घटक तुमच्या स्कोपमध्ये आहे का, आणि तुमची एलओक्यू, म्हणजे मोजण्याची किमान पातळी, किती? स्कोप एनएबीएलच्या साइटवर स्वतः उघडून बघता येतो. लॅबवाला "सगळं होतं हो" म्हणाला तर दुसरी लॅब बघा.

एक सांगायचं राहिलं. हा करार मान्यता संस्थांमधला आहे, सरकारांवर तो बंधनकारक नाही. बंदरावर पुन्हा नमुने घ्यायचा हक्क त्यांच्याकडे राहतोच. शेततळ्यातल्या कोळंबीचं उदाहरण घ्या. युरोपने भारतातून येणाऱ्या अशा मालाच्या तपासणीचं प्रमाण 2016 मध्ये 10 वरून 50 टक्क्यांवर नेलं, इथल्या लॅबचा रिपोर्ट सोबत असला तरी. आयातदार हटून बसला की माझ्याच लॅबचा रिपोर्ट हवा, तर त्यालाही कोणी अडवत नाही. म्हणजे भाऊजी अगदीच चूक नाहीत, एवढं लिहिते. आणि तो रिपोर्ट कंटेनर सुटायच्या आधी तीन दिवस माझ्या टेबलावर होता. दुसरं पान मीही उलटलं नव्हतं.

तुमचा माल कुठला ते प्रश्नात नाही. काजूगर असेल तर क्लोरपायरीफॉसच्या आधी अफलाटॉक्सिनचं, म्हणजे बुरशीच्या विषाचं, विचारा, त्याच्या मर्यादा वेगळ्या. पदार्थ आणि देश कमेंटमध्ये टाका, मग पुढचं सांगते.