वाचकांचे प्रश्न : बागेचे पाणी आणि मातीचा सामू

प्रश्न : आमच्या इमारतीत वर्षातील बराच काळ बोअरचे पाणी येते. गच्चीवरील कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर साचतो, अनंताची आणि टोमॅटोची पाने पिवळी पडतात. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा) ७.८ आहे. रासायनिक काही वापरायचे नसल्याने मी झारीत थोडे लिंबू पिळते किंवा चमचाभर व्हिनेगर घालते. हे योग्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सर्वप्रथम पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे ते पाहावे. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे दिसत असेल तर तो लोहाच्या कमतरतेचा केवडा होय. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडत आहे आणि त्याचा सामूशी फारसा संबंध नाही. अनंत, एक्झोरा, मोगरा ही झाडे लोहाच्या बाबतीत नाजूक असतात, त्यामुळे आपल्या अनंताच्या बाबतीत पहिलीच शक्यता अधिक वाटते. लोह मातीत नसते असे नव्हे. सामू वाढला की ते झाडाला घेता येईल अशा विद्राव्य रूपात राहत नाही.

आता पाण्याकडे वळू. ७.८ हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. मातीवर परिणाम करते ती पाण्यातील बायकार्बोनेटची (पाण्यात विरघळलेल्या अल्कधर्मी क्षाराची) मात्रा, जी तपासणी अहवालात ‘एकूण अल्कलिनिटी’ या नावाने दर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दिलेली असते. सामू तेवढाच असलेल्या दोन पाण्यांपैकी एकाची अल्कलिनिटी ६० आणि दुसऱ्याची ४०० असू शकते, आणि दोघांचा कुंडीवरील परिणाम पूर्णपणे वेगळा होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा २०० असून, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. म्हणजेच पिण्यास चालणारे पाणी कुंडीला मानवेलच असे नाही. ४०० अल्कलिनिटीचे दोन लिटर पाणी रोज दिले, तर शंभर दिवसांत त्या एका कुंडीत ८० ग्रॅम चुनखडीइतका अल्कधर्मी भार पडतो. निचऱ्यावाटे काही भाग वाहून जातो, पण बशीत साचलेले पाणी कुंडीने पुन्हा शोषून घेतले तर तोही जात नाही. कडांवरचा पांढरा थर याच हिशेबातला आहे.

या पार्श्वभूमीवर लिंबाचा विचार करावा. अशा दहा लिटर पाण्यातील बायकार्बोनेट मारायचे तर साधारण १०० मिलिलिटर लिंबूरस लागेल; चमचाभर व्हिनेगरने त्याचा अल्पसा भागच कमी होईल. शिवाय लिंबातील आणि व्हिनेगरमधील आम्ले सेंद्रिय असल्यामुळे मातीतील जिवाणू ती थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात आणि मागे बायकार्बोनेट पुन्हा तयार होते. मधल्या काळात थोडेफार लोह मोकळे होते, म्हणून काहींना पाने सुधारल्यासारखी वाटतात. आंबट ताकाचेही तेच. हा उपाय घातक नाही, पण नेमाने करण्याइतका उपयोगीही नाही, असे माझे मत आहे.

त्याऐवजी पावसाचे पाणी साठवावे. स्वच्छ पावसाच्या पाण्याचा सामू हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असतो आणि त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसते. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. त्यामुळे २० चौरस मीटरच्या शेडवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तरी हजार लिटरची टाकी भरू शकते. पहिल्या सरींचे धूळमिश्रित पाणी सोडून द्यावे, टाकी झाकून ठेवावी आणि हे पाणी सर्व कुंड्यांना न वाटता अनंतासारख्या मोजक्या झाडांसाठी राखून ठेवावे. उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यात ते निम्मे मिसळले तरी भार निम्मा होतो. पावसाळ्यात बशा काढून कुंड्या उघड्यावर ठेवल्यास साचलेले क्षार धुतले जातात. दर दोन वर्षांनी कुंडीतील निम्मी माती बदलून चांगले कुजलेले कंपोस्ट घालावे.

कुंडीत अंड्याची टरफले किंवा चुलीची राख घालत असल्यास ते मात्र तत्काळ थांबवावे. सेंद्रिय बागकामाच्या सल्ल्यांत या दोन वस्तू सर्रास सुचवल्या जातात; परंतु दोन्ही चुन्याच्या जातीच्या आहेत आणि आपल्या कुंडीत चुना आधीच जास्त झालेला आहे. सिमेंटचे नवे वाफे बांधलेले असतील तर त्यांतूनही सुरुवातीला चुना उतरतो. लागवडीपूर्वी ते अनेकदा पाण्याने भरून रिकामे करावेत.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात आमची काळी, चुनखडीयुक्त जमीन आहे. अहवालानुसार सामू ८.३ आहे. घरामागील दहा गुंठ्यांत सेंद्रिय भाजीपाला व फळझाडे लावायची आहेत. गंधक किती टाकावे म्हणजे सामू ७ वर येईल?

उत्तर : सामू ७ वर आणण्याचा विचार सोडून द्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. गंधकाचे मातीतील जिवाणू गंधकाम्लात रूपांतर करतात आणि ते आम्ल सर्वप्रथम मोकळी चुनखडी विरघळवण्यात खर्च होते. चुनखडी संपेपर्यंत सामू लक्षणीय उतरत नाही. एक किलो गंधक साधारण तीन किलो चुनखडी संपवते. एक चौरस मीटर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २०० किलो माती असते. तिच्यात चुनखडी ५ टक्के धरली तर ती १० किलो होते, म्हणजे चौरस मीटरमागे तीन किलोंहून अधिक गंधक लागेल. दहा गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरचा हिशेब आपणच करावा.

जमिनीतील चुनखडीचा अंदाज घरीही घेता येतो. कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर स्पष्ट फेस आला, तर मोकळी चुनखडी भरपूर आहे असे समजावे.

अशा जमिनीत संपूर्ण जमीन बदलण्याऐवजी मुळांभोवतीची जागा सुधारणे शहाणपणाचे ठरते. फळझाडाच्या खड्ड्यात भरपूर कुजलेल्या शेणखतात ५० ते १०० ग्रॅम खनिज गंधक मिसळून ओलावा टिकवल्यास त्या मर्यादित जागेत लोह, जस्त आणि स्फुरद काही काळ अधिक उपलब्ध होते. गंधकाचे जिवाणू उष्ण आणि ओलसर मातीत काम करतात, त्यांना आठवडे नव्हे तर महिने लागतात. त्यामुळे गंधक लागवडीच्या बरेच आधी घालावे. हिराकस (लोहाचे सल्फेट) थेट जमिनीत टाकल्यास चुनखडीमुळे त्यातील लोह लवकरच निरुपयोगी होते. शेणखतात मुरवून दिल्यास थोडे अधिक टिकते. आपण प्रमाणित सेंद्रिय उत्पादन विकणार असाल तर हिराकस वापरण्यापूर्वी प्रमाणीकरण संस्थेची परवानगी घ्यावी.

खरा फरक पडतो तो पिकांच्या निवडीने. डाळिंब, अंजीर, बोर, शेवगा, मेथी, बीट, कोबी यांना ८ च्या आसपासचा सामू फारसा त्रास देत नाही. तेथे ब्लूबेरी किंवा अनंत लावून आयुष्यभर मातीशी भांडण्यात काही अर्थ नाही.

जिप्समबद्दल (कॅल्शियमच्या सल्फेटबद्दल) आपण विचारलेले नाही, पण दुकानदार बहुधा ते सुचवतील. चुनखडीमुळे सामू सहसा ८.५ च्या खालीच राहतो आणि तेथे जिप्समने तो उतरत नाही. सामू त्याहून वर असेल, पाणी मुरत नसेल आणि वाळल्यावर माती दगडासारखी होत असेल, तर जमीन चोपण (सोडियम साचून घट्ट) होत आहे असे समजून सोडियमची तपासणी करावी. जिप्सम आहे ते अशाच जमिनीसाठी, आणि त्यासोबत निचराही हवा.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमच्या परसबागेत जांभ्याची तांबडी माती आहे, सामू ५.२. राख घालू नये असे वाचले. आमच्याकडे तर पूर्वापार घालतात.

उत्तर : आपण घालावी. तो निषेध देशावरच्या चुनखडीच्या मातीसाठी आहे. कोकणातील मुसळधार पावसाने जांभ्या मातीतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जाते. सामू ५.५ च्या खाली गेला की अॅल्युमिनियम विरघळून मुळांची वाढ खुंटवते आणि स्फुरद लोहाशी व अॅल्युमिनियमशी बांधला जातो. निव्वळ लाकडाची राख चौरस मीटरमागे वर्षाला १०० ते १५० ग्रॅम पुरे. प्लास्टिक किंवा रंगवलेले लाकूड जाळलेली राख वर्ज्य. भाजीच्या वाफ्यांना दळलेले शिंपले किंवा शेतीचा चुना २०० ग्रॅमपर्यंत लागवडीआधी महिनाभर मिसळावा. भाजलेला कळीचा चुना टाळावा, कारण तो दाहक असतो. राख किंवा चुना ताज्या शेणाबरोबर वा गोमूत्राबरोबर कधीही देऊ नये. नत्र अमोनिया होऊन उडून जाते. सुरण, रताळी, अननस, कोकम यांना आहे ती माती चालते, त्यामुळे तेथे चुना घालण्याचे कारण नाही.

प्रश्न : आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी आणि सोसायटीच्या सॉफ्टनरचे पाणी बागेला चालेल का?

उत्तर : आरओच्या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. मूळ पाणी धरणाचे, गोड असेल तर ते मोठ्या झाडांना आलटून-पालटून देता येते. बोअरचे असेल तर कुंड्यांना देऊ नये. सॉफ्टनरचे पाणी मात्र मुळीच वापरू नये. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते, बायकार्बोनेट तसेच राहते आणि मातीची घडण बिघडते. सॉफ्टनरच्या आधी एक वेगळा नळ काढून घेण्याची विनंती सोसायटीकडे करावी.

प्रश्न : मातीत खुपसायचा स्वस्त सामूमापक घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये, मातीच्या ओलाव्याप्रमाणे त्याचा आकडा बदलतो. एक भाग वाळलेली माती अडीच भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून, अर्ध्या तासाने वरच्या पाण्यात सामूपट्टी बुडवल्यास अर्ध्या अंकापर्यंतचा अंदाज मिळतो. नेमका आकडा हवा असल्यास जिल्हा मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्यावा आणि सामूसोबत विद्युतवाहकता (क्षारांचे प्रमाण दाखवणारी), सेंद्रिय कर्ब व मुक्त चुनखडी या तिन्ही तपासण्या आवर्जून मागाव्यात.